सुपरमार्केट साखळी दर कमी करायला सांगते आहे, चटणीचा छोटा उद्योग आहे. बोलणी कशी करावी?

आधी हातात उरणारा आकडा काढा. एमआरपी 100 रुपये, त्यांचं मार्जिन 30 टक्के, म्हणजे जीएसटीसह 70. 5 टक्के जीएसटी वजा केला की 66.67. त्यातून खराब मालाचे 2 टक्के, स्कीमचे (ग्राहकांना द्यायच्या सवलत योजनेचे) 3 टक्के आणि गोदामापर्यंतचं भाडं पाकिटामागे 3 रुपये धरलं, तर साधारण 60 उरतात. उत्पादन खर्च 56 असेल तर आणखी 5 टक्के सूट म्हणजे जवळपास सगळा नफा गेला.

‘परवडत नाही’ असं म्हणून खरेदी विभाग हलत नाही. शेंगदाणे, सुकं खोबरं, मिरची, पॅकिंग असा खर्चाचा तक्ता समोर ठेवा. दर सोडण्याऐवजी दुसरं काही द्या: ठरलेल्या 2 महिन्यांपुरती स्कीम, किंवा किमान ऑर्डर पाळली तरच सूट. न विकलेला माल परत घेण्याची अट मात्र मान्य करू नका; खरा खड्डा तिथेच पडतो.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधीच करून घ्या आणि क्रमांक बिलावर छापा. एमएसएमईडी कायदा 2006 (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा कायदा) नुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15. 90 दिवसांची उधारी करारात लिहिली तरी कायद्यापुढे ती टिकत नाही. दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, म्हणून माल पोहोचवल्याच्या चलानावर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो हलवू नका. आणि एकाच साखळीवर निम्म्याहून जास्त विक्री असेल तर, खरं सांगायचं तर, बोलणी फारशी उरतच नाहीत.