1987ची हॅग्लर-लेनर्ड लढत खरंच चोरली गेली का? घरी बसून गुण कसे द्यायचे?

चोरली नाही. मिडलवेट बॉक्सिंगच्या त्या लढतीत चॅम्पियन होता मार्विन हॅग्लर, आव्हानवीर शुगर रे लेनर्ड, आणि जजनी निकाल लेनर्डला दिला. माझ्या कागदावरही लेनर्ड 115-113.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचा मित्र म्हणतो, ‘चॅम्पियनकडून पट्टा हिसकावून घ्यावा लागतो, अटीतटीचा राउंड चॅम्पियनलाच जातो.’ हे वाक्य इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. असा नियम कुठेही नाही. चॅम्पियनला सवलत एकच: सगळी बेरीज होऊन लढत ड्रॉ झाली तर पट्टा त्याच्याकडे राहतो. 1979 मध्ये हॅग्लर आव्हानवीर असताना व्हिटो अँटुओफेर्मोविरुद्ध त्याचं हेच झालं. पण ती सवलत शेवटच्या घंटेनंतरची. एकेका राउंडला गुण देताना पट्टा कोणाच्या कमरेला आहे हे जजने विसरायचं असतं.

(मराठीत पंच म्हणजे निवाडा करणाराही आणि ठोसाही. घोळ नको म्हणून मी जज आणि ठोसा असंच लिहितोय.)

आता आकडे. राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9, असे 12 राउंड. 115-113 म्हणजे 7-5 राउंड आणि 118-110 म्हणजे 10-2. 6 एप्रिल 1987ला लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये डेव्ह मोरेटीने 115-113 लेनर्डला दिले, लू फिलिपोने तेवढेच हॅग्लरला, आणि जोजो गेर्राने 118-110 लेनर्डला. बोंब सगळी गेर्राच्या कार्डावरून. कार्ड वाह्यात आहेच, हॅग्लरला दोनच राउंड देणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. पण त्याने हॅग्लरला आणखी तीन राउंड दिले असते तरी 7-5च झालं असतं आणि निकाल तोच राहिला असता. वाईट कार्ड आणि चुकीचा निकाल या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

कार्ड हातात आलं की आधी दोन्ही आकड्यांची बेरीज करा. सगळे राउंड 10-9 असतील तर 228 येते. एखादा राउंड 10-10 दिला असेल तर एक वाढतो, नॉकडाउनमुळे 10-8 झाला असेल तर एक कमी होतो. 1999च्या पहिल्या लुईस-होलीफिल्ड लढतीत तीन कार्डं होती 116-113, 115-115 आणि 113-115. बेरजा 229, 230, 228. म्हणजे एका जजने एक राउंड बरोबरीत सोडला, दुसऱ्याने दोन, तिसरीने एकही नाही. फ्युरी-वाइल्डर 2018च्या तिन्ही कार्डांवर प्रत्येकी बेरीज 226, कारण फ्युरी दोनदा खाली बसला होता. कोणी कुठे हात आखडता घेतला ते एवढ्यावरून कळतं.

घरी गुण देताना टीव्हीचा आवाज बंद करा. कॉमेंट्रेटर ज्याच्या प्रेमात असेल त्याचे ग्लोव्हवर अडलेले ठोसेही तुम्हाला लागलेले वाटतात. प्रत्येक राउंडची तीन मिनिटं तीन खणांत लिहा आणि मिनिट संपलं की ज्याचं वाटलं त्याच्याकडे बाण काढा. मधल्या 60 सेकंदांच्या विश्रांतीतच आकडा टाका आणि पुढे खाडाखोड करू नका. खऱ्या जजची चिठ्ठीही प्रत्येक राउंडनंतर गोळा होते, त्याला स्लो मोशन मिळत नाही. ज्या राउंडबद्दल खात्री नाही त्याच्याशेजारी फक्त टिंब द्या. बेरीज शेवटी. मध्येच बेरीज केलीत तर मागे पडलेल्याला नकळत एखादा राउंड ‘भरपाई’ म्हणून जातोच.

बघायचं काय? आधी स्वच्छ लागलेला ठोसा: मुठीचा पुढचा भाग, डोक्याला किंवा बरगड्यांना. मग परिणाम करणारी आक्रमकता, रिंगवरचा ताबा, बचाव. पुढे चालत जाणं म्हणजे आक्रमकता नव्हे. पुढे चालत जाऊन जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) खाणाऱ्याला गुण कशाचे? तुमच्या मित्राची चूक बहुधा इथेच होते. हॅग्लर रात्रभर पुढे चालत होता, लेनर्ड पळत होता, म्हणून हॅग्लर जिंकला, असा त्याचा हिशेब असणार. खरी चूक हॅग्लरची. डावखुऱ्या पवित्र्यात वर्षानुवर्षं माणसं झोडपलेला हा गडी पहिल्या दोन राउंडांत उजव्या पवित्र्यात उभा राहिला आणि ते राउंड दान करून बसला. 7-5च्या लढतीत दोन राउंड फुकट दिल्यावर उरलं काय?

करारातही तेच. लेनर्डच्या बाजूने 12 राउंड, 20 फुटी रिंग आणि 10 औंसांचे ग्लोव्ह्ज मागून घेतले. पाय चालवायला जागा, ठोशाला गादी आणि दमछाक व्हायच्या आत घंटा. शिवाय राउंडचे 30 सेकंद उरले की लेनर्डच्या कोपऱ्यातून हाक जायची आणि तो ठोशांची सरबत्ती सुरू करायचा. त्यातले निम्मे ठोसे दंडावर गेले तरी जज चिठ्ठी लिहितो तेव्हा डोळ्यांपुढे तेच असतं. ही लबाडी म्हणा, पण नियमात बसणारी आहे. यावर उपाय म्हणजे वरचे तीन बाण. पहिली दोन मिनिटं हॅग्लरची असतील तर शेवटच्या अर्ध्या मिनिटाच्या आतषबाजीने राउंड फिरत नाही. या नियमाने लेनर्डचा निदान एक राउंड माझ्या कागदावरून गेला.

नववा राउंड मुद्दाम बघा. हॅग्लरचा डावा बसतो, लेनर्ड कोपऱ्यात अडकतो, आता संपलं असं वाटतं, आणि तिथूनच तो दोन्ही हातांनी मारत बाहेर येतो. पुन्हा अडकतो, पुन्हा मारत सुटतो. गर्दी ओरडते ती लेनर्डसाठी, कारण अडकलेला माणूस सुटला की टाळ्या पडतात. अडकवलं कोणी, याचा हिशेब गर्दी ठेवत नाही. माझे बाण: हॅग्लर, लेनर्ड, हॅग्लर. टिंबासकट.

‘कॉम्प्युबॉक्सने मोजलंय’ असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा, ती ठोसे मोजायची पद्धत आहे, तिथे दोन माणसं बसून बटणं दाबतात, एकेकाने एकेका बॉक्सरवर डोळा ठेवून. लागलेल्या ठोशांचा त्यांचा आकडा लेनर्ड 306, हॅग्लर 291. बारा राउंडांत फरक 15 ठोशांचा, राउंडमागे जेमतेम एक. लुईस-होलीफिल्डमध्ये लुईसचे 348 विरुद्ध होलीफिल्डचे 130 होते आणि तरी ड्रॉ दिला. ‘चोरी’ हा शब्द वापरायचाच असेल तर तिथे वापरा.

आपल्याकडे मेरी कोमच्या टोकियो ऑलिंपिकमधल्या पराभवावरून अशीच आरडाओरड झाली. तिथे तीन राउंड आणि पाच जज. पहिला राउंड चार जजनी कोलंबियाच्या इंग्रित व्हॅलेन्सियाला दिला, पुढचे दोन्ही तिघातिघांनी मेरीला. मग मेरी 2-1ने जिंकायला नको? नको. प्रत्येक जजची बेरीज वेगळी होते आणि मग जज मोजतात. दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला मेरीला कौल देणारे तिघे तेच नसतील तर पाचांत 3-2 उलटं पडू शकतं, आणि तसंच पडलं. कुस्तीत पाठ टेकली की वाद संपला, असं म्हणायची सोय होती, पण 2025च्या महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावरूनच वाद झाला आणि तीही गेली.

आता माझ्या विरुद्ध जाणारी गोष्टही सांगतो. ब्रिटिश जज हॅरी गिब्ज या लढतीला बसणार होता. हॅग्लरच्याच बाजूने हरकत घेतली आणि त्याच्या जागी गेर्रा आला. गिब्जने घरी टीव्हीवर बघून हॅग्लरला जिंकवलं. माझ्याही कागदावर तीन टिंबं आहेत. त्यातलं लेनर्डला दिलेलं एक जरी फिरलं तरी 114-114 होतं आणि पट्टा हॅग्लरकडे राहतो. शिवाय जज रिंगच्या तीन बाजूंना खाली बसतात, रेफरीची पाठ मध्ये येते. टीव्हीचा कॅमेरा वरून बघतो. तेव्हा फिलिपोच्या 115-113वर मी वाद घालणार नाही, फक्त पट्ट्याच्या त्या वाक्यावर घालेन.

मित्राला लढत दाखवाल तेव्हा पाचवा राउंड संपल्यावर पाच मिनिटं चहाला थांबा. त्यात हॅग्लरचा अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) लेनर्डला हलवतो, आणि तो डोळ्यांत राहिला की सहावा राउंडही लोक न बघताच हॅग्लरला देतात.