पीटीएचआरपीवर (पॅराथायरॉइड हार्मोनसारख्या प्रथिनावर) काम सुरू करतेस, तर

अगं, सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. तेव्हा आधी त्याचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, छोट्या नळ्यांत वाटून गोठव. एकच नळी पुन्हापुन्हा वितळवू नकोस.

आता मुद्दा. कर्करोगाच्या काही रुग्णांत रक्तातलं कॅल्शियम का वाढतं, हे शोधताना १९८७ मध्ये हे प्रथिन हाती लागलं. त्याचं सुरुवातीचं टोक रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड हार्मोनशी इतकं जुळतं, की दोघंही हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींवरच्या एकाच रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतात. त्यासाठी पहिल्या ३४ अमिनो आम्लांचा तुकडाही पुरतो.

नवखी मुलं मात्रा बघतात, वेळ बघत नाहीत. मीही तशीच चुकले होते. पीटीएचआरपी रोज थोडा वेळ दिलं तर हाड बांधलं जातं. सतत दिलं तर त्याच ऑस्टिओब्लास्ट पेशी रँकल, म्हणजे हाड झिजवणाऱ्या पेशी घडवणारं प्रथिन, वाढवतात, त्याला अडवणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन कमी करतात, आणि हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी वाढतात. एकच निरोप, पण अर्थ उलटा! मला याचं अजून नवल वाटतं. म्हणून वहीत ‘किती’च्या शेजारी ‘किती तास’ हा रकाना आखच.

वाढवलेल्या पेशींच्या थरात खनिज साठायला तीनेक आठवडे लागतात. कॅल्शियम दाखवणाऱ्या अ‍ॅलिझरिन रेडचा रंग त्याआधी चढला नाही तर घाबरू नकोस.