सांगलीत ६ महिन्यांसाठी बदली झाली आहे, पण घरमालक ३ वर्षांचा करार मागतात. काय करावं?

मुदतीला घाबरू नका, लॉक-इनचं कलम (ज्या काळात घर सोडता येत नाही तो काळ) नीट वाचा. करार ३ वर्षांचा असला तरी लॉक-इन नसेल आणि 'दोघांपैकी कोणीही एक महिन्याच्या लेखी नोटिशीने करार संपवू शकेल' असं वाक्य असेल, तर तुम्ही मोकळे. लॉक-इन १२ महिन्यांचं असेल तर मात्र सहाव्या महिन्यात घर सोडताना उरलेलं भाडं मागितलं जातं, बहुधा डिपॉझिटमधूनच कापतात. असं कलम असेल तर सही करू नका.

११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं एजंट बिनधास्त सांगतात. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (घर भाड्याने वापरायला देण्याचा नेहमीचा करार) लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि ती जबाबदारी मालकाची. आधार आणि अंगठा देऊन घरबसल्या नोंदणी होते.

गावभाग, मारुती चौकाकडे तळमजला बघत असाल तर आणखी एक ओळ घालाच: पुराने घर राहण्याजोगं उरलं नाही तर लॉक-इन लागू नाही, डिपॉझिट पूर्ण परत. २०१९ ला तिथे कृष्णेचं पाणी घरात शिरलं होतं. मालक तयार नसतील तर विश्रामबागेकडे बघा.