स्पेलिंग घोकूनही विसरतं, तर?

"मॅडम, रोज रात्री स्पेलिंग घोकून घेते. सकाळी विचारलं की सगळं विसरलेली. हिला डिस्लेक्सिया तर नसेल?" आठवीतल्या, सेमी इंग्रजीच्या मुलीची आई काळजीनं विचारत होती. डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं. हा प्रश्न घेऊन बरेच पालक येतात.

मी आधी मुलीला मराठी उतारा वाचायला दिला. तिनं तो न अडखळता वाचला, श्रुतलेखनही नीट केलं. मग 'गव्हर्नमेंट' कसं पाठ करतेस, असं विचारलं. जी-ओ-व्ही करत दहाही अक्षरं तिनं एका दमात म्हटली. लिहिताना मात्र मधला एन गळाला. गळणारच! बोलताना आपण सर्रास 'गव्हर्मेंट' म्हणतो. 'गव्हर्न' म्हणजे राज्यकारभार चालवणं आणि त्याला 'मेंट' जोडलंय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. 'गव्हर्नर' तिला माहीत होता. तो शेजारी लिहिल्यावर एन तिनं स्वतःच भरला.

लांब शब्द दोन तऱ्हांनी फोडता येतो आणि मुलांना दोन्ही शिकवायला हव्यात, असं मला कळकळीनं वाटतं. उच्चारासाठी टाळ्या वाजवायच्या: फो-टो-सिन्-थ-सिस, पाच टाळ्या. प्रत्येक टाळीत एक स्वर. अर्थासाठी मात्र तुकडे दोनच: 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिंथेसिस' म्हणजे जुळवून घडवणं. चौदा अक्षरांचा शब्द मग अंगावर येत नाही. 'डिसअपिअर'मध्ये ती नेहमी दोन एस आणि एक पी लिहायची. 'डिस' वेगळा काढून पुढं 'अपिअर' पूर्ण लिहिलं, की एस एकच येतो आणि पी दोन. 'मिसस्पेल'मध्ये उलट, 'मिस'चा एक आणि 'स्पेल'चा एक असे दोन एस.

"मग 'अंकल'मधलाही 'अन' काढायचा का?" तिनं विचारलं. फार चांगला प्रश्न! 'अन' काढल्यावर उरतं त्याला काही अर्थच नाही, म्हणून तो तिथं जोडलेला तुकडा नव्हे. 'अनहॅपी'तून 'हॅपी' उरतो.

आईला म्हटलं, "ताई, महिनाभर रोज तीनच शब्द घ्या. आधी टाळ्या, मग तुकडे, मग न बघता लिहिणं. घोकंपट्टी बंद. मराठी चांगलं आहे म्हणून डिस्लेक्सिया नाहीच, असं मी म्हणणार नाही; इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ कमी, त्यामुळं अडचण तिथं आधी दिसू शकते. महिन्यानंतरही तेच राहिलं, तर तज्ज्ञांकडून रीतसर तपासणी करून घेऊ."