भागीदार कोण घ्यावा?

प्रश्न: देवबागला आमच्या चार खोल्या आहेत. पावसाळ्यात रिकाम्या. दुसरा लॉजवाला भागीदार घेऊ का?

उत्तर: नको हो! दोन लॉजवाले मिळून खोल्याच मोजणार. मी तारकर्लीत एका रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी मोठं जाळं (रापण) ओढणाऱ्या मच्छीमाराला, घेतलं. तो म्हणाला, "पाव्हण्यांक सकाळी सहा वाजता उठवा, रापण वढूक न्या." मला सुचलं नसतं. दोर ओढून तळहात लाल झालेले पाहुणे आता नाश्त्याला तीच गोष्ट सांगतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद, तेव्हा एक शेतकरीण पाहुण्यांना भातलावणीला उतरवते. भांडणं होतात, रापणकाराला पैसे रोख, रोजचे रोज हवेत. हिस्से मात्र कागदावर लिहा. करार गप्प असेल तर १९३२चा भागीदारी कायदा नफा समान वाटतो.