वायसरच्या साइजमधला आकडा नेमका कशाचा?

मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या बोल्टला वायसर, म्हणजे वॉशर, बोल्टखालची चकती, कोणता मागायचा, या तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न अडकलेत. पार्ट लिस्टमध्ये एका ओळीत 'वॉशर ८', दुसरीत '८.४ × १६ × १.६', ऑइल प्लगपाशी, म्हणजे इंजिनाचं तेल सोडायच्या बोल्टपाशी, '१४ × २० × १.५'. आणि मालवणच्या दुकानात 'बारा नंबरचा वायसर द्या' म्हणालात, तर हातात आला तो बोल्टवर गरागरा फिरणारा. लिस्ट बरोबर आहे, आणि दुकानदाराने मागितलं तेच दिलंय.

'वॉशर ८' मधला ८ हा वायसरचा नाहीच, बोल्टचा आहे. एम८ बोल्टच्या आट्यांचा बाहेरचा व्यास ८ मिमी. त्याला चालतो तो ८ चा वायसर. त्याचं भोक मात्र ८.४ असतं, नाहीतर बोल्ट आत सरकणार कसा? दुसरी ओळ त्याच वस्तूचं पूर्ण माप सांगते: आधी भोक, मग बाहेरचा व्यास, शेवटी जाडी. नुसतं 'एम८ चा द्या' म्हणून भागत नाही ते यामुळेच. ८.४ × २४ × २ हाही एम८ चाच, पण रुंद. पत्रा किंवा प्लास्टिक आवळताना तो घालतात, म्हणजे दाब पसरतो आणि भोक फाटत नाही. कुठे 'आयएस २०१६' दिसलं तर ते साल समजू नका, साध्या वायसरच्या भारतीय मानकाचा तो क्रमांक आहे.

आता तो 'बारा नंबर'. गॅरेजमध्ये बोल्ट पान्याच्या नंबराने, म्हणजे डोक्याच्या रुंदीने, ओळखतात. जपानी घराण्यातल्या गाड्यांत एम८ च्या बोल्टला बहुधा १२ चा पाना लागतो, युरोपीय पद्धतीच्या बोल्टला १३ चा. एम६ ला १०, एम१० ला १४, १६ किंवा १७. मेकॅनिक 'बाराचा बोल्ट' म्हणाला तो पान्याचा बारा. दुकानदाराने दिला एम१२ चा वायसर, ज्याचं भोक १३ मिमी. आठच्या बोल्टवर तो फिरणारच. त्यात आपल्याकडच्या जुन्या हार्डवेअरवाल्यांचा हिशोब अजून सुतात. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी. एम८ च्या इतकं जवळ, की वायसर एकमेकांचे चालून जातात. पण त्या जोरावर अडीच सुताचा नट एम८ वर चढवायला जाऊ नका, आटे जातील.

ऑइल प्लगची ओळ सर्वात फसवी. प्लगचं माप दिलेलं असतं एम१४ × १.५, वायसरचं १४ × २० × १.५. दोन्हीकडे १४, दोन्हीकडे १.५, आणि तरी दोन्ही दीड वेगळे! प्लगचा दीड म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर, वायसरचा दीड म्हणजे जाडी. हा वायसर तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा, मुद्दाम मऊ ठेवलेला; आवळल्यावर दबून तो फटी बुजवतो आणि तेल अडवतो. म्हणून काढलेला जुना व्हर्निअरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मोजून नवा मागवू नका. तो चेपलेला असतो, जाडी कमी आणि घेर जास्त भरतो. लिस्टमधला पार्ट नंबरच सांगा. काही कंपन्यांच्या नंबरातही साइज दडलेली असते: होंडाच्या ९४१०९-१४००० मधला १४, टोयोटाच्या ९०४३०-१२०३१ मधला १२. सगळ्याच कंपन्या अशी सोय करत नाहीत. ऑइल बदललं की हा वायसरही बदलायचा, एवढ्याशा पैशांची काटकसर करू नये.

खुणांचं म्हणाल तर वायसरच्या अंगावर सहसा काहीच छापलेलं नसतं, लिस्टमध्ये किंवा पाकिटावर असतं. '२०० एचव्ही' किंवा '३०० एचव्ही' ही कडकपणाची मोजणी. बोल्टच्या डोक्यावर त्याच्या ताकदीचा आकडा असतो; तो ८.८ असेल तर २०० पुरतो, १०.९ असेल तर ३०० चाच हवा. मऊ वायसर बोल्टच्या डोक्याखाली दबत जातो आणि आवळलेला बोल्ट हळूहळू ढिला पडतो.

'ए२' आणि 'ए४' हे स्टेनलेसचे प्रकार. खाऱ्या वाऱ्यात ए२ वरही तांबूस डाग धरतात; ए४ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने तो जास्त टिकतो. पण म्हणून सगळीकडे स्टेनलेस ठोकू नका. सस्पेन्शन आणि ब्रेकला लिस्टमधलाच वायसर. अॅल्युमिनियमच्या भागावरही स्टेनलेस नको, कारण मिठाच्या ओलीत दोन धातूंची जोडी जमली की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी सुटते.

तुमचं काम मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकचं आहे, तेव्हा ए४ मधला ८.४ × २४ × २ मागा. गाडीच्या दुकानात नसेल तर होडीच्या इंजिनाचं सामान ठेवणाऱ्याकडे विचारा, त्यांच्याकडे ए४ असण्याची शक्यता जास्त. जाताना बोल्ट खिशात टाकून न्या, म्हणजे बारा की आठ हा वाद काउंटरवरच मिटेल.