प्राथमिक की माध्यमिक? निर्णय पदवीवर सोपवू नका

प्रश्न : मी गणित विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. शिक्षिका व्हायचे हे नक्की आहे, परंतु प्राथमिक शाळा निवडावी की माध्यमिक, हे ठरत नाही. लहान मुलांना शिकवण्यात गणिताची पदवी वाया जाईल असे वडिलांना वाटते, तर प्राथमिक शिक्षिकेचे काम सोपे असे आईचे मत आहे. धाकट्या भावाला ०.१२ ही संख्या ०.९ पेक्षा मोठी का वाटते, हे शोधून काढताना मला फार आनंद झाला होता. मी काय निवडावे?

उत्तर : आई आणि वडील, दोघांचेही म्हणणे मला पटत नाही, आणि त्याचे कारण तुमच्या भावाच्या उदाहरणातच आहे. १२ ही संख्या ९ पेक्षा मोठी, म्हणून ०.१२ हे ०.९ पेक्षा मोठे, असे मानणारे मूल निष्काळजी नसते. पूर्ण संख्यांसाठी नीट शिकलेला नियमच ते दशांश चिन्हाच्या उजवीकडे लावत असते. हे ओळखायला आणि नऊ दशांश व बारा शतांश यांतला फरक त्याला स्थानिक किमतीवरून उमगेल अशी मांडणी करायला गणित आतून समजलेले असावे लागते. विषय येणे वेगळे आणि तो शिकवण्यासाठी लागणारे ज्ञान वेगळे, हा भेद अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडला, तो याच अर्थाने. शिवाय माध्यमिक शाळेतही पदवीचे गणित शिकवायचे नसतेच. तेथे एकाच इयत्तेच्या तीन तुकड्यांना एकच रेषीय समीकरण, तिसऱ्या वेळीही पहिल्या वेळेइतक्याच उत्साहाने समजावून सांगावे लागते.

खरा फरक दिवसाच्या घडणीत आहे. प्राथमिक शिक्षिका बहुधा एकाच वर्गासोबत दिवसभर असते, बहुतेक विषय शिकवते, आणि कोणते मूल कशामुळे अडते हे तिला वर्षभरात बारकाईने कळते. मात्र तयारी अनेक विषयांची करावी लागते आणि उसंत फारच कमी मिळते. माध्यमिक शिक्षिकेचा विषय एक, पण वर्ग अनेक. शंभराहून अधिक विद्यार्थ्यांच्या वह्या आणि उत्तरपत्रिका तपासणे, परीक्षेचे दडपण आणि किशोरवयीन मुलांचे अबोलपण किंवा उद्धटपण, हे सारे त्या कामाचाच भाग असते. (उद्धटपणापेक्षा अबोलपण हाताळणे अधिक अवघड, असे माझे मत आहे.)

आता तुमच्या पत्रातील एक गोष्ट नोंदवतो. त्यात गणित आहे, भाऊ आहे, पण मुलांना वाचायला शिकवण्याचा उल्लेख कोठेही नाही. प्राथमिक वर्गांत, विशेषतः सुरुवातीच्या इयत्तांत, वाचन आणि लेखन हाच कामाचा गाभा असतो. अक्षरे ओळखूनही शब्द न लागणाऱ्या मुलाजवळ बसण्यात तुम्हाला भावाच्या दशांशाइतकेच कुतूहल वाटेल का? उत्तर मनापासून ‘हो’ असेल तर प्राथमिककडे जरूर जा. तसे नसेल तर, पत्रावरून दिसते तेवढ्या आधारावर, मी माध्यमिकच्या खालच्या इयत्ता सुचवेन. साधारण ११ ते १४ या वयात मुले अंकगणिताकडून बीजगणिताकडे वळतात, अक्षर संख्येच्या जागी येते, आणि तुमच्या भावासारख्या तर्कशुद्ध चुका येथे भरपूर भेटतात.

मागणीचा विचारही वावगा नाही. युनेस्कोच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगभर आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागतील आणि त्यांतील ३ कोटींहून अधिक माध्यमिक स्तरावर लागतील. तुमच्या भागातील जागा आणि वेतन यांची चौकशी मात्र स्वतंत्रपणे करा. दोन्ही स्तरांचे प्रशिक्षण अनेक ठिकाणी वेगळे असते व नंतर स्तर बदलायचा झाल्यास पुन्हा शिकावे लागते, म्हणून ही पात्रता अर्ज भरण्यापूर्वीच तपासावी.

त्याआधी दोन्ही प्रकारच्या शाळांत परवानगी घेऊन प्रत्येकी एक पूर्ण आठवडा बसा. निवडक चांगला तास पाहून परतू नका. शेवटचा तास आणि वह्या तपासण्याची वेळ आवर्जून पाहा. प्राथमिक वर्गात गणिताऐवजी वाचनाचा एक छोटा पाठ स्वतः घेण्याची परवानगी मागा, आणि माध्यमिकमध्ये एकच पाठ दोन तुकड्यांना घेऊन पाहा.